डोक्याकडची दोरी

दिनू गेल्याचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत बसले होते. फोन त्याच्या मुलाचा होता. "कुसुमआत्या, बाबा गेले सकाळी," एवढंच तो म्हणाला. मग समजूतदारपणे म्हणाला, "गुरुजींना विचारलं मी. तुम्हाला सुतक नाही, तेव्हा तुमचं काही अडायला नको." त्यात त्याची काही चूक नाही. शास्त्राने दिनू माझा भाऊ नव्हताच. साताऱ्याच्या दाजीसाहेबांचा तो मुलगा, त्याचं गोत्र वेगळं, त्याचं नाव यशवंतराव. मी त्यांच्याकडे वाचनाला येणाऱ्या एका मास्तरांची मुलगी. या आठवणींत मी आजवर दिनूबद्दल फार कमी लिहिलं, कारण तो वाचेल असं वाटे. आता तो वाचणार नाही. म्हणून हे एवढं प्रकरण त्याच्यासाठी.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, सांगलीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या दिवसांत पाचगणीचा कुणी गोरा अधिकारी विलायतेला परत जाताना घरातलं सामान लिलावात काढून गेला. त्यात दाजीसाहेबांनी एक शिसवी कपाट घेतलं. त्यांना कपाटच हवं होतं. पुस्तकं कपाटाबरोबर आली. उघडून पाहिलं तर लाल कातडी बांधणीचे जाडजूड ग्रंथ, ओलीचा वास मारणारे, आणि आत गेल्या शतकातल्या स्कॉटलंडच्या सरदारांची चरित्रं. कोण कुठे जन्मला, कुणाशी लग्न केलं, किती जमीन राखली किंवा घालवली, कसा मेला. दाजीसाहेबांचे डोळे मोतीबिंदूने गेले होते आणि शस्त्रक्रिया फसली होती. पण आपण सरदार आणि तेही सरदार, तेव्हा ते कसे राहिले हे आपल्याला कळलंच पाहिजे असं त्यांच्या मनाने घेतलं. कुणीतरी अण्णांचं नाव सुचवलं. शाळेत पोरांच्या गोंगाटाने अण्णांचा जीव मेटाकुटीला आलेला होता. आम्ही सामान बांधलं, रेल्वेने सातारा रोडला उतरलो आणि तिथून टांग्याने साताऱ्याला आलो.

दाजीसाहेबांचा बंगला किल्ल्याच्या पायथ्याशी होता. मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या, त्या आम्हाला मिळाल्या. बंगला आणि आमच्या खोल्या यांच्यामध्ये फरशीचं एक अंगण, त्यात दगडी डोण आणि एक बुटकी जास्वंद. त्या अंगणाचे आवाज मला अजून ऐकू येतात. सकाळी भिवा डोणीत पाणी ओती तो आवाज, काकीसाहेबांच्या, म्हणजे दाजीसाहेबांच्या पत्नीच्या, पूजेतली बारीक घंटा, आणि आमच्या बाजूने आईच्या जात्याची घरघर. भिवा हा दाजीसाहेबांचा जुना गडी, माणातला. दाजीसाहेबांची चार-पाच गावं होती, काही कोरेगावकडे आणि काही दुष्काळी माण तालुक्यात. कोरेगावकडून घेवडा, गूळ आणि थंडीत हुरडा यायचा. माणातून काय येतं म्हणून दिनूने एकदा विचारलं तर भिवा म्हणाला, "मी आलोय की रं! आनि काय पायजे तुला?"

वाचन उन्हं उतरली की सुरू होई आणि अक्षर दिसेनासं झालं की थांबे, कारण रॉकेल मापाने मिळण्याचे दिवस होते. दाजीसाहेब आरामखुर्चीत, अण्णा समोर स्टुलावर. काकीसाहेब आतल्या दाराशी वाती वळत. आम्ही तिघं भावंडं, थोरला वसंता, मधली मी आणि धाकटा दिनू, ओसरीच्या पायरीवर. अण्णा इंग्रजी ओळ डोळ्यांनी वाचत आणि तोंडाने मराठीत सांगत, मध्ये जराही न अडता. ते सांगत ती माणसं स्कॉटलंडची असली तरी आम्हाला वाई-मेढ्याकडची वाटत. डोंगरातले गढीवाले, प्रत्येकाचे आपापले भाऊबंद, प्रत्येकाचा वेगळा चौकड्यांचा कपडा, आणि घरच्या घरी पिढ्यान्पिढ्यांची भांडणं. "हे तर मावळे," दाजीसाहेब मांडीवर थाप मारून म्हणत. "मास्तर, नुसती नावं तेवढी बदला." तिथले मोठमोठे सरदारही सकाळी भरडीची खारी पेज खातात आणि ती उभ्याने खातात, असं अण्णांनी एकदा वाचलं.

"उभ्याने का हो?" दाजीसाहेबांनी विचारलं.

"पुस्तकात कारण दिलेलं नाही."

रात्री जेवताना मी ते आईला सांगितलं. आई वाचनाला कधी बसत नसे, तिला त्या वेळी चूल असे. ती म्हणाली, "थंडी असेल. खाली बसलं की फरशी गार लागत असेल." मग भाकरी थापता थापता तिने विचारलं, "एवढाल्या घरांत चुली किती असतात गं?" अण्णांना ते माहीत नव्हतं. त्या ग्रंथांत शिकारीच्या कुत्र्यांची नावं होती, घोड्यांच्या वंशावळी होत्या. चुलींविषयी काही नव्हतं.

एका सरदाराने मेंढरांना चराई मिळावी म्हणून डोंगरातली आपलीच कुळं घराबाहेर काढली, त्यांची छपरं जाळली, हे प्रकरण निघालं तेव्हा भिवा कंदील पुसायचं सोडून उभा राहिला.

"मंग मानसं कुटं गेली, मास्तर?"

"जहाजात बसून कॅनडाला गेली. परदेशी."

"आन ज्यानं घालवली त्यो त्येंचाच सरदार?"

"त्यांचाच."

"आवं, मंग त्यो सरदार कसला? त्यो मेंढका झाला की!"

दाजीसाहेब ठसका लागेपर्यंत हसले. "आणि आमच्या माणात बघ," ते म्हणाले, "माणसं आपली आपण मुंबईला जातात आणि मेंढरं मागे राहतात. मला जाळायला छपरंसुद्धा ठेवली नाहीत पाऊसबाबाने." त्या हसण्यात मला तेव्हा गंमतच वाटली होती. आज वाटतं, एवढी गावं असून ते फार एकटे होते. त्यांची दोन मुलं पाळण्यातच गेली होती, हे मला पुष्कळ पुढे कळलं.

त्या ग्रंथांतल्या सरदार घराण्यांची रीत अशी की सगळी मालमत्ता थोरल्या मुलाला. धाकट्यांनी आपलं नशीब बाहेर काढायचं. त्यातले कितीतरी पंधरा-सोळाव्या वर्षी कंपनीच्या फौजेत इकडे हिंदुस्थानात पाठवले जात आणि बहुतेक परत जात नसत. ते ऐकून आलेला दिनू आईच्या मांडीवर डोकं ठेवून सांगत होता. "आई, त्यांनी त्या धाकट्याला बोटीत बसवलं आणि त्याच्याबरोबर एक कुत्रासुद्धा दिला."

"आणि त्याची आई काही म्हणाली नाही?" आईने अण्णांकडे पाहून विचारलं.

"आईबद्दल त्यात काही लिहिलेलं नाही," अण्णा म्हणाले.

"काही म्हणाली असेल," आई म्हणाली. "लिहिलं नसेल."

मग तो दिवस आला. अण्णा एका अर्लच्या मरणाचं प्रकरण वाचत होते. त्याची दोन्ही मुलं त्याच्या आधी गेली होती. त्याचा किताब त्याच्याबरोबर संपणार हे सगळ्यांना माहीत होतं. त्याची शवपेटी कुळांनी आळीपाळीने खांद्यावर घेऊन माळरानातून नेली, पुढे पिशवीचा पावा वाजवणारा. थडग्याशी पोचल्यावर पेटी खाली सोडायची ती मजुरांनी नव्हे. तिला दोऱ्या लावलेल्या असतात आणि एकेक दोरी एकेका नातलगाच्या हातात. कुणी कुठली धरायची ते आधी ठरवून निरोप जातात. डोक्याकडची दोरी थोरल्या मुलाची. या अर्लच्या डोक्याकडची दोरी त्याच्या कारभाऱ्याने धरली, असं ग्रंथात होतं.

"कारभाऱ्याने?" दाजीसाहेब म्हणाले. "दत्तक का नाही घेतला?"

"त्यांच्यात तसं चालत नाही. रक्ताचाच वारस लागतो. नसला तर किताब बुडतो."

"एवढी राज्यं कमावली या लोकांनी आणि एवढं साधं सुचलं नाही," दाजीसाहेब म्हणाले. काकीसाहेबांची वात वळायची थांबली होती. दिनू पायरीवरून उठला. तेव्हा तो सात वर्षांचा असेल. तो दाजीसाहेबांच्या खुर्चीच्या हाताला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "मी धरली असती की. मला बोलावलं असतं तर मी डोक्याकडची धरली असती."

तो त्या अर्लबद्दल बोलत होता. त्याला वाईट वाटलं होतं, इतकंच. पण दाजीसाहेबांनी हात पुढे करून चाचपत त्याचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवून ते बराच वेळ बसले. "आज पुरे, मास्तर," ते म्हणाले. बाहेर अजून चांगला उजेड होता.

पुढच्या आठवड्यात काकीसाहेब अंगण ओलांडून आमच्या स्वयंपाकघरात आल्या. त्या आजवर कधी आल्या नव्हत्या. आई गडबडीने उठली, पाट मांडला. उंच, गोऱ्या, कमी बोलणाऱ्या काकीसाहेब पाटावर अवघडून बसल्या.

"सुभद्राबाई, मागायला आलेय."

"मेतकूट संपलं का?" आई म्हणाली. मागच्या पंधरवड्यात तिने त्यांना मेतकूट दिलं होतं. तिने फळीवरची बरणी काढलीसुद्धा.

"दिनूला द्या," काकीसाहेब म्हणाल्या.

आईच्या हातात बरणी तशीच राहिली. थोड्या वेळाने त्या उठून गेल्या. त्या रात्री अण्णा आणि आई हळू आवाजात बोलत होते. दोन खोल्यांच्या घरात हळू बोललेलंच जास्त ऐकू येतं.

"वसंता आहे ना आपल्याला," अण्णा म्हणाले.

"वसंता वसंता आहे."

"त्याचं शिक्षण होईल. दाजीसाहेबांचा जीव आहे त्याच्यावर. आणि जातोय कुठे? अंगण ओलांडलं की तो समोर. तू जात्यावर बसलीस की तुला दिसेल."

"रोज दिसेल?" आईने विचारलं.

"रोज."

या एका शब्दावर तिने होकार दिला, हे मी अगदी खात्रीने सांगू शकते. अण्णांनी तिला फसवलं असं मात्र मी म्हणणार नाही. त्यांना स्वतःलाही ते खरंच वाटत होतं. त्या चरित्रांमध्ये गुंतून त्यांना घराण्याच्या चालू राहण्याचं फार मोल वाटू लागलं होतं, आणि त्यांचं ऐकणारा, खुर्चीतून पुढे वाकून ऐकणारा, जगात तो एकच माणूस होता.

दत्तकविधान बंगल्याच्या दिवाणखान्यात झालं. होम झाला, अण्णांनी उदक सोडलं. गुरुजींनी आईकडे पाहून विचारलं, "आपली संमती?" तिने मान हलवली. दाजीसाहेबांनी दिनूला मांडीवर घेऊन त्याचं मस्तक हुंगलं तेव्हा मिशांच्या गुदगुल्या होऊन दिनू खदखदून हसला आणि सगळेच हसले. त्याचं नाव यशवंत ठेवलं. साखर वाटली. दुपारी पंगती उठल्यावर दिनू नेसलेल्या रेशमी कदासकट आमच्या स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "आई, मला तिकडे जिलबीनं मळमळतंय. ताकभात दे." आईने भात कालवला. तो दोन घास खातो न खातो तोच भिवा दारात आला. रोज "दिन्या गड्या" म्हणणारा भिवा, पण आत न येता बाहेरूनच म्हणाला, "आवं बाई, धाकलं सरकार हितं हाईत का? आक्कासाब पानावर वाट बगत्यात." काकीसाहेबांना तो आक्कासाब म्हणे. धाकटे सरकार कोण ते दिनूला कळलं नाही. तो भिवाच्या पाठीमागे बघू लागला. आईने त्याचा हात धुतला, तोंड पुसलं आणि त्याला उंबऱ्यापर्यंत नेऊन सोडलं.

त्याला सांगितलं होतं की आता काकीसाहेबांना आईसाहेब म्हणायचं, आईला काकू आणि अण्णांना मास्तरकाका. तो म्हणेही, मूल हुशार होतं. पण भूक लागली की अंगण ओलांडून यायचा. काकीसाहेबांचं ताट वाढून तसंच राहू लागलं. शेवटी दाजीसाहेबांनी अण्णांना जवळ बोलावून अतिशय सौम्य आवाजात सांगितलं, "मास्तर, पोर रोज दोन घरी जेवतं. घरात हिचा जीव थाऱ्यावर नाही. तुम्ही समोर आहात तोवर तो हिचा व्हायचा नाही." अण्णा परत येऊन कॉटवर बसले आणि त्यांनी आईकडे पाहिलं नाही. आईने जात्याची वरची तळी उचलून भिंतीशी उभी केली आणि भांडी बांधायला घेतली. ग्रंथांतले शेवटचे दोन वाचायचे तसेच राहिले.

सांगलीला अण्णांना पुन्हा शाळेत घेतलं. आम्ही नदीकडच्या अंगाला घर घेतलं. हळकुंडं शिजवण्याच्या दिवसांत सगळ्या पेठेला तो उग्र, ओला वास यायचा, आणि आई म्हणायची की या वासाने तिला घास उतरत नाही. खरं तर तिला कशानेच उतरत नव्हता. दिनूच्या मुंजीचं बोलावणं आलं तेव्हा आम्ही साताऱ्याला गेलो. मातृभोजनाला बटू आईबरोबर शेवटचं एका ताटात जेवतो. दिनू काकीसाहेबांच्या शेजारी बसून जेवला. आई बायकांच्या घोळक्यात बसली होती. शेजारच्या कुणी बाईने कौतुकाने तिला विचारलं, "तुम्ही मुलाच्या कोण?" आई म्हणाली, "आम्ही सांगलीच्या."

त्यानंतर दोनेक वर्षांत तिच्या पोटात गाठ निघाली. मिरजेच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि घरी न्या म्हणाले. अण्णांनी साताऱ्याला निरोप धाडला. मला वाटलं, पाठवणार नाहीत. पण काकीसाहेब स्वतः त्याला घेऊन आल्या, बरोबर भिवा. त्यांनी गणपतीच्या देवळाजवळ ओळखीच्या घरी बिऱ्हाड केलं आणि सकाळ-संध्याकाळ त्याला आणू लागल्या. दिनू उंच झाला होता, पायांत मोजे-बूट होते. आई अंथरुणावर उठून बसायला लागली आणि म्हणाली, "या, यशवंतराव. प्रवास कसा झाला?"

तो गोंधळला. "बरा झाला," म्हणाला. मी तिला नंतर रागाने विचारलं की तू त्याला अहो-जाहो का करतेस. ती म्हणाली, "बाहेर त्या बसल्यात. त्यांना ऐकू जातं. मी दिलाय तो त्यांना." आणि मग, "एकदा तोंडात दिन्या आलं की मला थांबवता यायचं नाही गं."

आता दाजीसाहेबांना ते ग्रंथ दिनूच वाचून दाखवत होता. इंग्रजी वाचायचं आणि मराठीत सांगायचं, अण्णांसारखंच. म्हणून आईशी बोलायला त्याच्याकडे विषय होता. त्यातल्या शिकारी, वादळं, बर्फात अडकलेल्या गाड्या ती डोळे मिटून ऐकत राही. एका संध्याकाळी तिने विचारलं, "तो मुलगा होता बघा, ज्याला बोटीत बसवून दिलं. बरोबर कुत्रा होता. त्याचं पुढे काय झालं?"

"तो इकडेच वारला, काकू. खडकीला. तापाने."

"त्याच्या आईला कळलं?"

"कळलं ना. पण तेव्हा बोटीने बातमी जायची. सहा महिन्यांनी कळलं."

आईने डोळे उघडले. "म्हणजे ते सहा महिने तिच्या लेखी तो होताच," ती म्हणाली. "स्वेटर विणत असेल त्याच्यासाठी." दिनूने खिडकीकडे तोंड केलं. बाहेर ओट्यावर काकीसाहेब बसल्या होत्या, त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला.

दोन दिवसांनी पहाटे आई गेली. वसंताने अग्नी दिला. दिनू कृष्णेच्या घाटावर माणसांच्या मागे, भिवाचं बोट धरून उभा होता. घरी आल्यावर गुरुजींनी सांगितलं की घरच्यांना दहा दिवस, आणि यशवंतरावांना जन्मदात्या आईचं म्हणून तीन. ते तीन दिवस काकीसाहेबांनी त्याला आमच्याकडे ठेवलं. आम्ही घोंगड्यांवर झोपलो, अळणी जेवलो, आणि मला सांगायला संकोच वाटतो पण मला त्या तीन दिवसांत आतून भरल्यासारखं वाटत होतं. दिनू माझ्या आणि वसंताच्या मध्ये झोपायचा. झोपेत त्याचा पाय माझ्या अंगावर यायचा, लहानपणी यायचा तसाच.

चौथ्या दिवशी सकाळी काकीसाहेब टांगा घेऊन आल्या. नवे कपडे आणले होते. त्यांनी त्याला बिऱ्हाडी नेऊन न्हाऊ घातलं आणि गाडीला निघण्याआधी निरोप घ्यायला परत आणलं. टांगा फाटकाशी थांबला. आम्ही सुतकात, तो आता मोकळा, म्हणून त्याने अंगणाच्या कडेला उभं राहून लांबूनच नमस्कार करायचा होता. अण्णा, वसंता आणि मी ओट्यावर उभे होतो. दिनूने नमस्कार केला. मग त्याने चार ढांगा टाकल्या, ओट्यावर चढला आणि मला घट्ट मिठी मारली.

"यशवंत!" काकीसाहेब ओरडल्या.

"शिवलो," दिनू म्हणाला. "आता मला परत सुतक."

"सुतक नाही, अंघोळ," काकीसाहेब म्हणाल्या. "भिवा, पाणी आण." आमच्या घरचं पाणी चालणार नव्हतं. भिवाने शेजारच्या काकूंची पितळी बादली मागून घेतली आणि त्यांच्या विहिरीचं पाणी आणून अंगणात ठेवलं. काकीसाहेबांनी स्वतः तांब्याने त्याच्या डोक्यावर, नव्या कपड्यांसकट, पाणी ओतलं. तो मुकाट्याने न्हाला. मग ओल्या अंगानेच पुन्हा ओट्यावर चढून त्याने अण्णांचे पाय धरले.

"शिवलो."

काकीसाहेबांनी पुन्हा त्याला खाली ओढलं, पुन्हा पाणी ओतलं. तिसऱ्यांदा तो वसंताला जाऊन बिलगला. वसंता इतका वेळ कोरडा होता, तो आता हमसून रडायला लागला.

"आवं आक्कासाब," भिवा म्हणाला, "पोर हाय त्ये. ऱ्हाऊ द्या की दा दिस. कोन बगतंय?"

"तू गप्प बस, भिवा." काकीसाहेबांच्या हातात तांब्या होता. त्यांचं लुगडं पोटऱ्यांपर्यंत भिजलं होतं. त्यांनी तांब्या बादलीत टाकला आणि त्या उंच, ताठ बाई आमच्या अंगणात, चिखलात, खाली बसल्या. "मग मी कोण रे तुझी?" त्या म्हणाल्या. "सांग ना. ती गेली तर तू दहा दिवस मागतोस. मी गेल्यावर किती धरशील? तीन धरशील का मला? एक तरी?"

अण्णांनी ओट्यावरच्या खांबाला हात टेकला. ज्यांनी उदक सोडलं होतं ते माझे वडील त्या वेळी काही बोलतील असं मला वाटलं. ते बोलले नाहीत.

दिनू आमच्याकडे बघत होता. मी मनात म्हणत होते, उतरू नकोस. इथेच थांब. अजूनही माझ्या मनात ते शब्द तसेच आहेत. तो वसंतापासून सुटा झाला आणि ओट्याच्या पायऱ्या एक एक करून उतरला. बादलीपाशी गेला. तांब्या बुडवून त्याने आपल्या हातांनी आपल्या डोक्यावर पाणी ओतलं. एकदा, मग पुन्हा. शेवटी बादली दोन्ही हातांनी उचलून उरलेलं सगळं पाणी अंगावर घेतलं. केसांतलं पाणी निपटून तो काकीसाहेबांजवळ गेला आणि त्यांना उठवायला हात पुढे केला.

"झालं, आईसाहेब," तो म्हणाला. "चला. गाडी चुकेल."

ते टांग्यात बसले. आमच्यापैकी कुणी हात केला नाही, करायचा असतो हे सुचलं नाही. टांगा वळणाआड गेल्यावर अण्णा आत गेले आणि आईच्या रिकाम्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. पुढे अठ्ठेचाळीस साली गांधीजींच्या हत्येनंतरच्या जाळपोळीत साताऱ्याचा तो बंगला जळाला, कपाट आणि ग्रंथही गेले. दाजीसाहेब त्याआधीच वारले होते आणि त्यांचं सगळं दिनूने केलं. काकीसाहेबांना त्याने अखेरपर्यंत सांभाळलं. आमच्याकडे लग्नकार्याला तो यायचा, आहेर करायचा, मला वाकून नमस्कार करून कुसुमताई म्हणायचा. त्या सकाळबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

त्या दिवशी दुपारी शेजारच्या काकू फाटकाशी आल्या. त्यांना बादली हवी होती. मी ती उचलून द्यायला पुढे झाले तशा त्या मागे सरकल्या. "नको गं, तुम्हाला सुतक आहे अजून," त्या म्हणाल्या. "राहू दे. दहावं झालं की चिंचेने घासून दे." म्हणून ती बादली आमच्या अंगणात राहिली.